आधी पेज

प्रोजेक्टच्या कव्हरवर ठळक अक्षरांत होतं:
युनिव्हर्सल बॅटरी चार्जर.
आम्ही चौघं, शेवटचं वर्ष,
रत्नागिरीतल्या कॉलेजची मागची लॅब,
जिथे खिडकीच्या जाळीत
फणसाची पानं अडकून वाळतात.

युनिव्हर्सल म्हणजे काय, ते सुमेध दोन्ही हात पसरून सांगायचा:
'कुणीही या, बसा, जेवा.'
यज्ञेश सोल्डरच्या धुरात डोळे बारीक करायचा.
'असं नसतं रे. शिशाच्या बॅटरीला जे पचतं
ते लिथियमला वाढलंस तर लॅब पेटेल.'

म्हणून आमचा चार्जर आधी विचारायचा.
घोटभर करंट द्यायचा, थांबायचा,
व्होल्टेज किती चढलं, किती झरकन उतरलं, बघायचा,
मग ठरवायचा, पानावर कोण बसलंय.
हे विचारणं मी लिहिलं होतं, एकशे चाळीस ओळींत.
त्यातली एक ओळ:
व्होल्टेज फारच खाली असेल तर बॅटरी मेलेली समज.
लाल दिवा. पुढचा पेशंट.

फेब्रुवारीत साखरीनाट्याला गेलो, रुबीनाच्या घरी.
एसटीत माझ्या मांडीवर बोर्ड, टॉवेलात गुंडाळलेला.
पूर्णगडच्या पुलावर कंडक्टरने वाकून विचारलं,
'किती महिन्यांचं?'

रुबीनाच्या अब्बांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पालथा केला.
वॉकीटॉकीचा चार्जर, कपाळावरच्या टॉर्चचा,
बुडालेल्या फोनचा, विकलेल्या फोनचा,
आणि एक, जो कशाचा हे घरात कुणालाच आठवेना,
तरी टाकवत नव्हता.
वायरींचा गुंता जाळ्यासारखा झालेला;
बोलता बोलता त्यांनी तो सोडवलासुद्धा,
बोटांकडे न बघता.

मग पडवीतून होडीची बॅटरी आणली.
दोघांनी उचलली. पिना लावल्या.
लाल दिवा.
'मेली,' मी म्हटलं.

त्यांनी बॅटरीच्या पाठीवर दोनदा टिचकी मारली.
'मेली नाय. उपाशी हाय.
गणपतीपासून कुणी इचारलान नाय तिला.
तापातून उठलेल्याला तू एकदम मटण वाढतोस काय?
आदी पेज. मीठ घालून. वाटी-वाटीनं.'

रुबीना माझ्याकडे बघेना. हसू दाबत होती.
मी लॅपटॉप उघडला, अंगणात, मासळी सुकत होती तिथे,
आणि ती ओळ खोडली.
तिच्या जागी सात ओळी लिहिल्या:
व्होल्टेज फारच खाली असेल तर
अगदी थोडं दे. दहा मिनिटं थांब. पुन्हा बघ.
पुन्हा थोडं दे.
असं किती वेळा, हा आकडा कुठल्या पुस्तकात नव्हता.
अब्बांना विचारलं.
ते म्हणाले, 'फजरपर्यंत.'

पहाटे दिवा पिवळा झाला.
हिरवा नाही. पिवळा.
यज्ञेश चटईवरून उठून अनवाणीच धावला,
आणि वाळत घातलेल्या बांगड्यांवर पाय देऊन
शिव्या खाऊन आला.

सगळ्या उठल्या नाहीत.
दोन फुगलेल्या होत्या, त्या वाळूच्या बादलीत ठेवल्या.
आणि शेजारच्या खालाच्या रेडिओचे सेल आम्ही परत दिले,
हे भरायचे नसतात, दिलं तर फुटतात, असं सांगून.
त्या म्हणाल्या, 'असतात हो अशी माणसं.'

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी
कव्हरवर पेन टेकवलं:
'युनिव्हर्सल? किती प्रकार चालतात?'
'सात,' सुमेध म्हणाला.
'मग सात म्हणा.'
त्यांचं बरोबर होतं. मार्कही ठीक दिले.

चार्जर साखरीनाट्यालाच राहिला.
जूनमध्ये रुबीनाचा फोन आला:
खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडल्या,
अब्बा दर शुक्रवारी आमसुलाने घासतात,
आता पेटीजवळ नाक नेलं की सोलकढीचा वास येतो.
आणि डबा?
डबा अजून आहे, म्हणाली.
तो एक चार्जर अब्बा टाकू देत नाहीत.